रुतलेले चाक आणि डिफरन्शिअलचा लॉक



उसाचा हंगाम सुरू झाला, की काळ्या रानात एक देखावा हमखास दिसतो. ट्रक किंवा ट्रॉली मोळ्यांनी भरलेली, मागचे एक चाक चिखल उडवीत गरगर फिरते आहे आणि दुसरे चाक जागच्या जागी उभे आहे. बांधावरून चार जण ओरडतात, "आणखी रेस दे!" रेस दिली, की फिरणारे चाक आणखी वीतभर खाली जाते. टोळी खोळंबते, तोडलेला ऊस वाळतो आणि वजन घटते.

अशा वेळी गॅरेजवाला सल्ला देतो, "मागचा डिफरन्शिअल बदलून घ्या, गाडी कुठे रुतायची नाही." बदलून घ्यावा का, असे पुष्कळजण विचारतात. प्रश्न पैशाचा आहे, तसा जिवाचाही आहे. म्हणून आज हा विषय.

डिफरन्शिअल कशासाठी?

औत वळवताना बाहेरच्या बैलाला जास्त चालावे लागते आणि आतला बैल थोडक्यात वळतो. गाडीच्या चाकांचेही तसेच आहे. मागची दोन्ही चाके एकाच सरळ दांड्यावर घट्ट बसवली, तर वळणावर एक चाक घासत जाईल, टायर झिजेल आणि ॲक्सलवर ताण येईल. यावर फ्रान्समधील ओनेसिफोर पेकर या घड्याळजीने १८२७ च्या सुमारास वाफेच्या गाडीसाठी दातेरी चाकांची एक जुळणी तयार केली. तीच कल्पना आज आपल्या ट्रकमध्ये आणि ट्रॅक्टरमध्ये आहे. तिच्यामुळे दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरता येते.

पण तिचा एक स्वभाव आहे. ती दोन्ही चाकांना सारखाच जोर देते, तराजूच्या दोन पारड्यांसारखा. एका चाकाखाली निसरडा चिखल असला, तर ते चाक फारच थोड्या जोराने फिरते. मग कोरड्या जमिनीवरच्या दुसऱ्या चाकालाही तेवढाच थोडा जोर मिळतो. त्याला गाडी हलत नाही. म्हणून नुसती रेस वाढवून काही साधत नाही.

लॉक कसा वापरावा?

बहुतेक ट्रॅक्टरांना कारखान्यातूनच डिफरन्शिअल लॉक बसवलेला असतो. त्याचे पेडल किंवा दांडी बहुधा उजव्या टाचेजवळ असते. तो दाबला, की दोन्ही चाके एकत्र फिरू लागतात आणि कोरड्या जमिनीवरचे चाक गाडी ओढते. अनेक घरी हे पेडल वर्षानुवर्षे कोणी दाबलेले नसते. वापरण्याची रीत अशी :

१. चाक फिरत असताना लॉक कधीही दाबू नका, आतले दाते मोडतात. आधी क्लच दाबून चाके पूर्ण थांबवा.
२. लॉक दाबा, खालचा गिअर टाका, रेस थोडी ठेवा आणि क्लच सावकाश सोडा.
३. स्टिअरिंग सरळ ठेवा. लॉक लागलेला असताना वळू नका.
४. घट्ट जमीन आली, की पाय काढा. लॉक सुटला नाही, तर क्लच दाबा किंवा डावा-उजवा ब्रेक हलकेच आळीपाळीने दाबा.
५. डांबरी रस्त्यावर लॉकचा वापर नको.

लॉक नादुरुस्त असेल, तर शेतात आणखी एक उपाय आहे. ट्रॅक्टरचे दोन्ही ब्रेक सुटे करून फिरणाऱ्या चाकाचा ब्रेक हलका दाबावा, म्हणजे दुसऱ्या चाकाला जोर मिळतो. रस्त्यावर येण्यापूर्वी मात्र दोन्ही ब्रेक पुन्हा जोडायला विसरू नका.

ट्रकचा डिफरन्शिअल बदलावा का?

काही ट्रक आणि टिपर कंपनीतूनच लॉकसह मिळतात. नवी गाडी घेताना शेतातील वाहतूक मुख्य असेल, तर तशीच मागा. जुन्या गाडीला तीन प्रकारचे बदल सुचवले जातात.

पहिला, लॉक बसवणे. तो त्याच ॲक्सलसाठी बनवलेला असावा आणि जाणत्या मिस्त्रीने बसवावा.

दुसरा, घसरण कमी करणारा डिफरन्शिअल. यात आत क्लचच्या चकत्या असतात. एक चाक घसरू लागले, की त्या दुसऱ्या चाकाकडे काही जोर वळवतात. त्याला सांगितलेलेच तेल घालावे लागते आणि चकत्या कालांतराने झिजतात. एक चाक अगदीच अधांतरी झाले, तर मात्र याचा उपयोग लॉकइतका होत नाही.

तिसरा, क्राऊन-पिनियनचे प्रमाण बदलणे. याने ओढ वाढते, पण रस्त्यावरचा वेग घटतो आणि इंजिन त्याच वेगाला जास्त फिरते. चिखलातली घसरण याने थांबत नाही, हे ध्यानात ठेवा.

चौथा एक प्रकार कधी कधी स्वस्तात करून देतात, तो म्हणजे आतले गिअर वेल्डिंगने कायमचे जखडणे. हा मुळीच करू नका. भरलेला ट्रक वळणावर सरळ जाऊ पाहतो, टायर खातो आणि एखाद्या दिवशी ॲक्सल तुटतो. शिवाय १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ने वाहनाच्या मूळ रचनेत फेरफार करण्यावर बंधन आहे. कोणताही बदल करण्यापूर्वी परिवहन कार्यालयात विचारून घ्यावे.

आधी बिनखर्चाचे उपाय

तोडणीपूर्वी दहा-पंधरा दिवस उसाचे पाणी तोडा, भारी जमिनीत त्याहून थोडे आधी. गाडीची वाट आधी ठरवून तिच्यावर पाचट पसरा. रान ओले असेल, तर अर्धी गाडी भरून बाहेर काढा आणि उरलेला ऊस रस्त्यावर भरा. झिजलेले टायर चिखलात पकड घेत नाहीत. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांना वजने लावा किंवा टायरमध्ये पुस्तकात सांगितल्याप्रमाणे पाणी भरा. हवा कामाप्रमाणे ठेवा.

नांगरटीत चाक किती घसरते, ते घरच्या घरी मोजता येते. टायरवर चुन्याची खूण करा. औत उचलून चाकाच्या दहा फेऱ्यांत ट्रॅक्टर किती पुढे जातो, ते मोजा. समजा ४० मीटर गेला. औत लावून दहा फेऱ्यांत ३४ मीटरच गेला, तर ६ मीटर वाया गेले, म्हणजे घसरण १५ टक्के. एवढी चालते. त्याहून जास्त असेल, तर डिझेल मातीत जाते आहे असे समजा आणि वजन वाढवा किंवा औताची खोली कमी करा.

जिवाची गोष्ट

रुतलेल्या ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांना ओंडका किंवा पहार साखळीने बांधून तो काढू नका. चाक अडले, की इंजिनचा जोर ट्रॅक्टरच्या पुढच्या भागाला वर उचलतो. डोळ्याचे पाते लवते न लवते, तोच ट्रॅक्टर चालवणाऱ्याच्या अंगावर मागे उलटतो. उडी मारायलाही वेळ मिळत नाही. ओढायची साखळीसुद्धा नेहमी खालच्या ड्रॉबारलाच लावा, वरच्या लिंकला किंवा ॲक्सलच्या वर कधीही नको.

ट्रॅक्टर रुतला, तर आधी चाकांपुढची आणि मागची माती काढा आणि रिव्हर्समध्ये येतो का पाहा. नाहीच आला, तर दुसरा ट्रॅक्टर बोलवा. साखळी ताणली जात असताना मुलांना आणि बघ्यांना लांब उभे करा. तुटलेली साखळी माणूस पाहून फिरत नाही. मडगार्डवर कोणालाही बसवू नका.

आज ट्रॅक्टर बहुधा घरातली तरुण मुलेच चालवतात. हा मजकूर त्यांना वाचून दाखवा. मग कोरड्या रानात, रिकाम्या ट्रॅक्टरवर, लॉकचे पेडल कुठे आहे आणि ते दाबल्यावर सुटते का, हे त्यांच्याकडून एकदा करवून घ्या. चिखलात अडकल्यावर पेडल शोधण्यापेक्षा ते बरे.