टॉर्क पाना आहे का, हे आधी विचारा

समृद्धी महामार्ग झाल्यापासून आपल्या गावातही दोनशे-अडीचशे हॉर्सपॉवरच्या गाड्या दिसायला लागल्यात. वॉरंटी संपली की क्लच, गिअरबॉक्स, ॲक्सलचं काम आपल्याच गॅरेजात येतं. येऊ द्या. आपल्या मिस्त्रींच्या हाताला गुण आहे, हे मी कायम लिहीत आलोय. माझा आक्षेप फक्त एका वाक्यावर आहे : "साहेब, किती आवळायचं ते हाताला कळतं."

नाही कळत, मंडळी. बोल्ट म्हणजे एक प्रकारची स्प्रिंगच. आवळला की किंचित ताणला जातो आणि त्या ताणावर दोन भाग घट्ट धरून राहतात. पण लावलेल्या जोरापैकी साधारण ९० टक्के घर्षणातच जातो. म्हणून कोरड्या आट्यांना तेल लागलं की तेवढ्याच जोरात बोल्ट कितीतरी जास्त ताणला जातो. ढिला राहिला तर भाग हलून बोल्ट तुटतो. जास्त आवळला तर आटे जातात.

म्हणूनच कंपनी आकडा देते. फोक्सवॅगन गटाच्या बऱ्याच इंजिनांत फ्लायव्हीलचे बोल्ट ६० न्यूटन-मीटरला आवळून पुढे आणखी ९० अंश फिरवायचे असतात. ते मुद्दाम ताणले जातात, त्यामुळे एकदाच वापरायचे. जुनेच धुऊन हवेच्या गनने बसवले, तर हे सगळं अंदाजपंचे!

आणि नोंद? ५ जानेवारी २०२४ ला अमेरिकेत अलास्का एअरलाइन्सच्या बोइंग विमानाचा दरवाजाएवढा भाग हवेत निखळला. कारखान्यात तो उघडून परत लावताना चार बोल्ट बसवलेच नव्हते आणि त्या कामाची कागदावर नोंदही नव्हती. तिथे असं होतं, तर आपल्याकडे तोंडी भरवशावर किती दिवस चालायचं?

गाडी देताना बिलावर तीन गोष्टी लिहून मागा : कुठले बोल्ट नवे टाकले, किती टॉर्कला आवळले, पाना शेवटचा कधी तपासला. टॉर्क पानाही वर्षातून एकदा किंवा पाच हजार वेळा वापरल्यावर तपासून घ्यावा लागतो. प्रत्येक छोट्या गॅरेजला ते परवडणार नाही. म्हणून आयटीआयने तालुक्याला ही सोय करावी, लोकप्रतिनिधींनी त्यासाठी पाठपुरावा करावा.

१२० च्या वेगात ॲक्सल निखळला तर मिस्त्रीचा हात तिथे नसतो. गाडीत आपली पोरंबाळं असतात. पटलं तर पुढे पाठवा, आपल्या मिस्त्रीलाही दाखवा.