ज्ञानाची कवाडे आणि मावळची साक्ष

लोकांच्या पैशातून निर्माण झालेले ज्ञान लोकांना मुक्तपणे मिळावे, या मागणीला जगात आता मान्यता मिळू लागली आहे. २००२ साली बुडापेस्ट येथून निघालेल्या जाहीरनाम्याने संशोधनपर लेख सर्वांना विनामूल्य वाचता यावेत अशी हाक दिली. नोव्हेंबर २०२१ मध्ये युनेस्कोने खुल्या विज्ञानाविषयीची शिफारस संमत केली. खुल्या विज्ञानाचे आणि खुल्या शिक्षणाचे पुरस्कर्ते देशोदेशी एकत्र जमून विचारविनिमय करीत असतात. महाराष्ट्रात असे संमेलन भरवावयाचे झाल्यास मावळाइतके उचित स्थळ सापडणे कठीण. लोणावळ्याची हवा चांगली आहे आणि तेथे परिषदांची सोय होते, हे त्याचे कारण नव्हे. बंदिस्त विद्या खुली करण्याचे दोन मोठे प्रयोग याच तालुक्यात झाले, हे खरे कारण होय.

पहिला प्रयोग तळेगाव दाभाडे येथील. माणशी एक पैसा गोळा करून देशी उद्योग उभारावा, ही कल्पना अंताजी दामोदर काळे यांची. लोकमान्य टिळकांनी तिच्यामागे आपले वजन उभे केले आणि १९०८ साली पैसा फंडाचा काचकारखाना सुरू झाला. परदेशांत शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय यांनी ही विद्या येथील तरुणांच्या हाती दिली. तो केवळ कारखाना नव्हता, शाळाही होती. तेथे तयार झालेले कारागीर देशाच्या निरनिराळ्या भागांतील काचकारखान्यांत गेले. नुसता नफा पाहणाऱ्या मालकाने आपला कसबी माणूस असा सुखासुखी जाऊ दिला नसता. परंतु येथे पैसा लोकांचा होता, म्हणून विद्याही लोकांची ठरली.

दुसरा प्रयोग लोणावळ्याचा. योगातील क्रिया गुरूने शिष्याला एकांतात सांगावयाच्या, अशी परंपरा होती. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद, यांनी १९२४ साली कैवल्यधाम स्थापन केले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक सुरू केले. उड्डियान, नौली या क्रियांच्या वेळी शरीरातील दाब किती बदलतो, हे उपकरणांनी मोजून त्यांनी ते निष्कर्ष छापले. निष्कर्ष छापणे म्हणजे स्वतःहून परीक्षेला बसणे. ज्याला शंका असेल त्याने पुन्हा मोजून पाहावे, असे आव्हानच त्यात होते. गुरूचा शब्द अखेरचा मानणाऱ्या क्षेत्रात हे धाडस होते. विज्ञान खुले असावे ते वाचकावर उपकार म्हणून नव्हे. झाकून ठेवलेल्या निष्कर्षातील चूक सापडत नाही म्हणून.

या पार्श्वभूमीवर आजची स्थिती पाहावी. सरकारी अनुदानावर संशोधक लेख लिहितो, दुसरे संशोधक बहुधा मोबदला न घेता तो तपासतात, आणि प्रकाशक तोच लेख विद्यापीठांना विकतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ या योजनेस मान्यता दिली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके, ६,३०० सरकारी संस्था आणि सुमारे १ कोटी ८० लाख विद्यार्थी, अध्यापक व संशोधक, असा तिचा पसारा आहे. लहान गावातील सरकारी महाविद्यालयाला याचा लाभ होईल, हे मान्य केले पाहिजे. पण ही वर्गणी आहे; ती थांबली की दार बंद. शिवाय कामशेतच्या शाळेतील विज्ञानशिक्षक, कचेरीतील जिज्ञासू कारकून आणि पदवी घेऊन महाविद्यालयाबाहेर पडलेला तरुण या मंजूर चौकटीच्या बाहेरच राहतात. कर मात्र तेही भरतात. काही नियतकालिके वाचकाला फुकट मिळतात. परंतु ती लेखकाकडून शुल्क घेतात. ‘नेचर’ने २०२० साली जाहीर केलेले असे शुल्क एका लेखास ९,५०० युरो होते. टोलनाका उठला नाही. तो वाचकाच्या वाटेवरून लेखकाच्या वाटेवर हलविला गेला, एवढेच.

खुलेपणाने दर्जा घसरेल आणि खर्च भागणार नाही, असा आक्षेप घेतला जातो. मुंबईच्या ‘मेडनो’ या प्रकाशनसंस्थेने अनेक वैद्यकीय नियतकालिके लेखकाकडून शुल्क न घेता वाचकांना खुली ठेवून दाखविली होती. आपले ज्ञान परके पळवतील, ही दुसरी भीती. हळदीचे उदाहरण येथे बोलके आहे. जखमेवरील हळदीच्या उपयोगाचे पेटंट अमेरिकेत १९९५ साली दिले गेले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले आणि १९९७ साली ते रद्द झाले. कामी आले ते आधीच लिहून प्रसिद्ध झालेले पुरावे. गुपित म्हणून जपलेले ज्ञान तेथे निरुपयोगी ठरले असते.

दार उघडले तरी भाषेचा उंबरठा उरतोच. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली सिद्ध झालेला मराठी विश्वकोश आज संगणकावर कोणालाही विनामूल्य वाचता येतो. पण नवे संशोधन मराठीत क्वचितच उतरते. मावळात असे संमेलन भरलेच, तर त्याने नुसते ठराव करून पांगू नये. केंद्राच्या विज्ञान-तंत्रज्ञान व जैवतंत्रज्ञान विभागांनी डिसेंबर २०१४ मध्ये, आपल्या अनुदानातील संशोधनाचे लेख खुल्या संग्रहात ठेवावेत, असे धोरण जाहीर केले होते. त्याचे पालन ही पुढील अनुदानाची अट व्हावी, अशी मागणी त्याने करावी. विद्यापीठांनी प्रत्येक प्रबंधाचा मराठी सारांश प्रसिद्ध करावा, आणि वर्गणीची नियतकालिके अनुदानित सार्वजनिक ग्रंथालयांतही वाचावयास मिळावीत, असा आग्रह धरावा. शिक्षकांनीही आपले पाठ व प्रयोग इतरांना वापरण्याची आणि बदलण्याची मुभा देऊन प्रसिद्ध करावेत. मात्र हे संमेलन भारी शुल्क लावून, इंग्रजीत आणि बंद दालनात भरले, तर ते स्वतःच्याच तत्त्वाला हरताळ फासणारे होईल. पैसा फंडाला सामान्य माणसाचा एक पैसा चालला होता. या संमेलनाला त्याचा एक प्रश्नही चालला पाहिजे.