बुलबार कुणासाठी?

जबलपूरला हौशी ऑफ-रोड गाड्यांची कमी नाही. बरगीच्या बाजूला रविवारी जा, थार आणि जिप्सींची रांग दिसेल. निम्म्या गाड्यांच्या नाकावर गोठ्याच्या फाटकाएवढं लोखंड. विचारलं की उत्तर ठरलेलं, "सर, प्रोटेक्शन!"

कसलं प्रोटेक्शन? इथल्या व्हेइकल फॅक्टरीत सुरुंगरोधक गाड्या बनतात. त्यांची खरी ताकद पोटात असते. तळ व्ही आकाराचा, म्हणजे स्फोटाचा झोत दोन्ही बाजूंना वळतो. आधी धोका कुठून येतो ते ठरवलं, मग पोलाद तिथे लावलं. आमचे हौशी वीर नेमकं उलटं करतात. मदनमहालसारख्या ग्रॅनाइटच्या प्रदेशात दगड लागतो तो खालून. चेंबर फुटतं, इंजिनातलं ऑइल सांडतं आणि तो चकचकीत बुलबार घेऊन गाडी दोरीवर घरी येते.

जुने साथी लगेच जोंगाचा दाखला देतात. जोंगा आपल्या सगळ्यांचीच लाडकी. नावातच जबलपूर आहे. पण जोंगाला एअरबॅग नव्हती. आजच्या गाडीचं नाक धडकेत चेपावं म्हणूनच तसं बनवलेलं असतं. त्यापुढे थेट चेसिसला लोखंड जोडलं की धक्का न जिरता आत येतो आणि एअरबॅग उघडण्याची वेळ चुकू शकते. आणि समोर सायकलवाला आला तर? सदर बाजारात गाडी चालवताना आपण रणगाड्यात नसतो. डिसेंबर 2017 मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना बुलबारवर कारवाई करायला सांगितलं. आधार होता मोटार वाहन कायद्याचं कलम 52. वर्दीत शिस्तीवर भाषणं देणाऱ्यांनी सुटीच्या दिवशी हे विसरावं, याचं मला जास्त वाईट वाटतं.

दुसरं खूळ वजनाचं. पाच मिलिमीटर जाडीची एक चौरस मीटर पोलादी प्लेट साधारण 39 किलो भरते. समोर बार, त्यावर विंच, छतावर रॅक, मागे आणखी एक बार. पाटे बसतात, ब्रेक लावल्यावर गाडी थांबायला उशीर लागतो आणि चिखलात ती आधी रुतते.

पैसे घालायचेच असतील तर आधी चेंबर आणि ट्रान्सफर केसखाली स्किड प्लेट घाला. ऑइल काढायला तिला भोक हवं, आणि सहलीनंतर ती खोलून धुवायला हवी. इथली काळी माती आत वाळली की विटेसारखी होते. मग दारांखाली स्लायडर, तेही चेसिसला पक्के. आणि ओढायचा हुक पुढे-मागे, चेसिसलाच. रुतलेली गाडी बुलबारला दोर बांधून ओढणारे मी पाहिले आहेत. वेल्डिंग सुटलं तर तो तुकडा ज्या वेगाने येतो, त्यापुढे हेल्मेटही अपुरं. तेव्हा बाकीच्यांना, विशेषतः पोरांना, दोराच्या दुप्पट लांबीवर उभं करा.