ठेका हवा, माणूस नको

गोव्यात हणजुण-वागातोरच्या क्लबांत आफ्रो हाऊसवर पहाट उजाडते आणि म्हापशाच्या बसस्टँडवर कॉलेजची पोरे कानात रॅप घालून उभी असतात. या ठेक्याबद्दल कुणाची तक्रार नाही. तक्रार आहे ती आफ्रिकी माणसाबद्दल. ऑक्टोबर 2013 च्या अखेरीस म्हापशाला लागून असलेल्या पर्रा गावात एका नायजेरियन तरुणाचा खून झाला. त्याच्या देशबांधवांनी मृतदेह पर्वरीच्या महामार्गावर ठेवून वाहतूक रोखली. ते बेकायदा होतेच. पण त्यानंतर ‘यांना खोल्या देऊ नका’ असा जो सूर निघाला, त्यात खुन्याविषयीचा संताप कमी आणि कातडीच्या रंगाचा तिटकारा जास्त होता. तेव्हाचे कला व संस्कृती मंत्री दयानंद मांद्रेकर यांनी तर नायजेरियनांना कॅन्सरची उपमा दिली, आणि टीका झाल्यावर दिलगिरी व्यक्त केली.

बार्देश तालुक्यात ठेक्याची ही उसनवारी जुनी आहे. हळदोण्याचे अंतोनियो झेवियर वाझ ‘चिक चॉकलेट’ या नावाने मुंबईत गाजले ते लुई आर्मस्ट्राँगच्या वळणाचा ट्रम्पेट वाजवून. टेडी वेदरफोर्डसारख्या कृष्णवर्णीय अमेरिकी वादकांच्या बँडमध्ये अनेक गोमंतकीय वादक घडले. त्या पिढीने निदान गुरूच्या शेजारी बसून विद्या घेतली. आज ठेका मोबाइलवर उतरवून घेता येतो, माणसाशी गाठ पडायची गरजच उरलेली नाही.

आणि माणूस गाळला की त्याचे म्हणणेही गळते. सेनेगलमधल्या डाकारमध्ये 1989 साली दिदिए अवादी आणि डगी-टी यांनी ‘पॉझिटिव्ह ब्लॅक सोल’ हा गट काढला. आफ्रिका म्हणजे दुष्काळ आणि रोगराई, हे चित्र खोडून काढणारे रॅप त्यांनी वोलोफ भाषेतही केले. त्याच सेनेगलमध्ये 2011 साली ‘कर गी’ गटाचे रॅपर आणि काही पत्रकार विजेच्या भारनियमनाला विटून एकत्र आले. त्यांनी तरुणांना मतदार यादीत नावे नोंदवायला लावली. पुढच्याच वर्षी तिसऱ्यांदा सत्ता मागणारे अध्यक्ष अब्दुलाय वाद निवडणूक हरले. त्या पराभवाचे सारे श्रेय रॅपला देता येणार नाही, पण त्याचा वाटा नाकारताही येणार नाही.

मराठीने हा धडा थोडा घेतला आहे. मुंबईच्या ‘स्वदेशी’ गटातला एमसी मवाली मराठीत रॅप करतो. या गटाने 2019 मध्ये आरेतील आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांना सोबत घेऊन ‘द वारली रिव्होल्ट’ हे गाणे केले. आमच्याकडे गोव्यात विषयांचा दुष्काळ आहे म्हणावे, तर डिचोलीत खाणींचा प्रश्न आहे, पेडण्यात मोपा विमानतळ आला आणि जमिनींच्या रूपांतराचा वाद पेटला आहे. तियात्राची कांतारां सत्ताधाऱ्यांची खरडपट्टी काढतात आणि प्रेक्षक टाळ्या देतात. म्हणजे गाण्यातून जाब विचारणे गोव्याला नवे नाही.

तेव्हा कला व संस्कृती खात्याने युवा महोत्सवांत रॅपला अवश्य स्थान द्यावे. मात्र विषय आयोजकांनी ठरवू नये, शब्द आधी तपासून घेऊ नयेत, आणि इथे राहणाऱ्या एखाद्या आफ्रिकी कलावंतालाही मानाने बोलवावे. हे जमणार नसेल, तर त्या कार्यक्रमाला हिप-हॉप म्हणू नये. तो निव्वळ डीजे आहे, आणि तो लावायला सरकारी खात्याची गरज नाही.