वासेपूर : सूड कुणाचा, कोळसा कुणाचा?

‘गँग्स ऑफ वासेपूर’चं नाव काढा, समोरचा माणूस हटकून त्यातला एखादा संवाद फेकणार. बहुधा बदला घेण्याचाच! २०१२ साली आलेल्या या चित्रपटाची अशी नकलेपुरती आठवण उरावी, याचं मला वाईट वाटतं. कारण मला विचाराल तर हा सुडाचा पोवाडा नव्हेच. सूड किती फुकट जातो, याचा हा पाच तासांहून लांब हिशोब आहे.

अनुराग कश्यपने चित्रपट एकच केला. आपल्याकडे तो जून आणि ऑगस्टमध्ये दोन भागांत लागला. त्यामुळे अनेकांनी पहिला भाग पाहून सरदार खानला नायक ठरवलं आणि शेवट पाहिलाच नाही. आणि खरी गोम शेवटातच आहे.

कथेची मुळं धनबादच्या कोळशात. शाहिद खान खाणमालक रामाधीर सिंगचा पहिलवान होतो आणि पुढे रामाधीरच त्याचा काटा काढतो. मुलगा सरदार डोकं भादरून शपथ घेतो : बापाचा सूड घेईपर्यंत केस वाढवणार नाही. दरम्यान १९७०च्या दशकात खाणींचं राष्ट्रीयीकरण होतं. मालकी सरकारकडे गेली, पण पैसा युनियन, ठेकेदारी, भंगार असल्या वाटांनी पुन्हा त्याच हातांत. सरदार मात्र एका माणसाच्या मागे धावत राहतो आणि स्वतःच मारला जातो. पुढे फैजल रामाधीरला गाठतो, गोळ्या संपेपर्यंत झाडतो. झाला सूड? काही वेळातच त्याचा सावत्र भाऊ डेफिनिट त्यालाच उडवतो. त्याचं संधान रामाधीरच्या मुलाशी! म्हणजे तीन पिढ्या खपल्या आणि वाट मोकळी झाली ती शत्रूच्याच वारसाची.

आपण इतकी वर्षं जगलो कारण आपण सिनेमा पाहत नाही, असं रामाधीर एका प्रसंगात सांगतो. बाकी सगळ्यांच्या डोक्यात आपापला सिनेमा चालू आहे. फैजल तर स्वतःला अमिताभच समजतो. लग्नात काय, मयतात काय, बँडवाला सिनेमाचीच गाणी गातो. या चित्रपटाचे संवाद पाठ करणाऱ्यांनी रामाधीरचं ते बोलणं एकदा नीट ऐकावं.

इंदूरच्या स्नेहा खानवलकरचं संगीतही हेच करतं. बिहारातले लोकआवाज आणि गिरमिटियांच्या वंशजांचं त्रिनिदादी चटणी संगीत तिने तिथवर जाऊन आणलं. गोळीबाराच्या आसपास ही मिश्कील गाणी वाजू लागली की मिशीला पीळ देणारा पुरुष हास्यास्पद दिसू लागतो.

तरीही दिग्दर्शक पुरता निर्दोष नाही. हिंसा त्याने इतकी चवदार रांधली आहे की ताटातलं विष कुणाला कळूच नये. वासेपूरच्या काही रहिवाशांनी गावाच्या बदनामीबद्दल आक्षेप घेतला होता, तोही मला गैर वाटत नाही. गावात राहणारे सगळेच काही पिस्तूल घेऊन हिंडत नसतात.

आम्हा गोवेकरांना हा चित्रपट दूरचा वाटू नये. त्याच २०१२च्या सप्टेंबरमध्ये शाह आयोगाचा अहवाल संसदेत आला आणि आमच्या लोहखनिजाच्या खाणी थांबल्या. इथे टोळ्या नव्हत्या, खूनखराबा नव्हता. पण जमिनीखालचं धन कुणाचं, हा प्रश्न तोच. आणि आपल्यालाही चर्चा आवडते ती माणसांचीच : कुणी कुणाला पाडलं, कुणी कुणाची जिरवली. मातीचा हिशोब कोण मागतो?

चित्रपटाच्या अखेरीस उरते मोहसिना, कडेवर फैजलचं मूल, सोबतीला म्हातारा नासिर, आणि गाव मुंबई. त्या पोराला कुणी आजोबा-पणजोबांची गोष्ट सांगेल का? सांगितलीच, तर त्यातला कोळसाही सांगावा. नुसता सूड सांगितला तर चौथी पिढीही गेली म्हणून समजा.