कायद्याच्या वर्गात ‘लातूर पॅटर्न’ पुरेल?

१ जुलै २०२४ रोजी भारतीय दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. त्याच दिवशी फौजदारी प्रक्रिया संहिता आणि पुरावा कायदाही बदलला. खुनाच्या शिक्षेचे कलम ३०२ ऐवजी १०३ झाले, तर फसवणुकीचे ४२० हे ३१८ झाले. केवळ कलमांचे आकडे पाठ केलेल्या विद्यार्थ्याची विद्या एका रात्रीत जुनी झाली. हेतू, कृती आणि पुरावा यांचा संबंध ज्याला उमगला होता, त्याला मात्र क्रमांक तेवढे नव्याने लक्षात ठेवावे लागले. त्यापूर्वी घडलेल्या गुन्ह्यांना जुनीच संहिता लागू असल्याने प्राध्यापकांना आता दोन्ही शिकवाव्या लागतात. कायदा कसा शिकवावा, हा प्रश्न त्यामुळे नव्याने उभा राहिला आहे.

नांदेड आणि लातूर या जिल्ह्यांत त्याला आणखी एक पदर आहे. १९९४ साली स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या परिसरातच ‘लातूर पॅटर्न’ रुजला. सततचा सराव, चाचण्यांमागून चाचण्या आणि प्रश्नपत्रिकेवर पक्की पकड या बळावर बारावीच्या गुणवत्ता यादीत आणि पुढे वैद्यकीय प्रवेशांत या भागाने नाव मिळविले. त्या शिस्तीचे मोल कमी लेखता येणार नाही. परंतु प्रवेश परीक्षेत प्रत्येक प्रश्नाचे उत्तर ठरलेले असते. न्यायालयात एकाच घटनेला दोन बाजू असतात आणि दोन्हींकडे आधार असतात. हार्वर्डमध्ये लँगडेल यांनी १८७० नंतर निकालपत्रांवरून प्रश्न विचारत शिकविण्याची पद्धत रुजविली.

दुसरा प्रश्न भाषेचा. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३४८ नुसार उच्च व सर्वोच्च न्यायालयाचा कारभार इंग्रजीत चालतो. जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा मराठी आहे. देगलूरच्या किंवा निलंग्याच्या पक्षकाराची कैफियत मराठीतच ऐकावी लागते, तर तिला आधार देणारा निवाडा बहुधा इंग्रजीत सापडतो. खेड्यातून आलेल्या विद्यार्थ्याला इंग्रजीच्या धाकाने गप्प बसविणे जितके चूक, तितकेच त्याला इंग्रजीपासून दूर ठेवणेही चूक. निकालपत्र इंग्रजीत वाचावे आणि त्याचा युक्तिवाद मराठीत मांडावा, हा मार्ग येथे अधिक उपयोगाचा आहे.

शिकविण्याचे साहित्यही दाराशीच आहे. हे दोन्ही जिल्हे निजामाच्या हैदराबाद संस्थानाचा भाग होते. त्यामुळे येथील कुळांचे वाद १९५० च्या हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन कायद्याने सोडवावे लागतात. जुने दस्त उर्दूत वा मोडीत असतात. २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयाने हैदराबाद गॅझेटिअरला महत्त्व आल्यावर, जुन्या नोंदीचे पुराव्यातील मोल किती, हा प्रश्न घरोघरी पोहोचला. या निर्णयावर मते काहीही असोत. नोंद कोणी केली, कशासाठी केली आणि तिच्यावरून काय सिद्ध होते, हे वर्गात विचारले गेले तर पुराव्याचा कायदा आपोआप समजतो.

नियमांची वाण नाही. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांत अभिरूप न्यायालय, खटल्यांचे निरीक्षण आणि पक्षकाराच्या मुलाखतीचे निरीक्षण यांना गुण ठेवले आहेत. मात्र नोंदवही भरून सही मिळविण्यापुरतेच हे उरले, तर त्यातून काही साधत नाही. निरीक्षणानंतर वर्गात तासभर उलटतपासणी व्हायला हवी. त्यासाठी पुरेसे पूर्णवेळ अध्यापक, नियमित हजेरी आणि स्थानिक वकील संघांची साथ लागते.

२० मे २०२५ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने कनिष्ठ न्यायाधीशपदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा लागू केली. पदवीनंतर थेट परीक्षेची वाट त्यामुळे बंद झाली. या वकिलीत पहिला धडा ज्याच्या प्रकरणावर गिरवला जाईल, तो पक्षकार बहुधा एखादा शेतकरी असेल. वर्गात राहून गेलेल्या शिक्षणाची किंमत त्याला मोजावी लागू नये, ही जबाबदारी प्रथम विधी महाविद्यालयांची आहे.