श्रोत्याची शिफारस आणि बाजाराची मोजदाद

दरवर्षी डिसेंबरच्या सुमारास इंटरनेटवरून गाणी ऐकविणाऱ्या कंपन्या आपल्या ग्राहकांना एक वार्षिक हिशेब सादर करतात. वर्षभरात कोणते गाणे किती वेळा ऐकले, कोणता गायक सर्वांत अधिक ऐकला, एकूण किती मिनिटे संगीतात गेली, याचा तो रंगीत गोषवारा असतो. स्पॉटिफाय या कंपनीने २०१६ पासून ‘रॅप्ड’ या नावाने तो देण्यास आरंभ केला आणि इतरांनीही तीच वाट धरली. प्राध्यापकांच्या खोलीत, बँकेच्या काउंटरमागे, वसतिगृहाच्या व्हरांड्यात हे गोषवारे मोबाइलवरून एकमेकांना दाखविले जातात. “हल्ली काय ऐकता?” या जुन्या, आपुलकीच्या प्रश्नाला आता असे तयार उत्तर मिळू लागले आहे. वरवर पाहता हा निरुपद्रवी छंद आहे. परंतु त्यामागे जो बदल दडला आहे त्याचा संबंध केवळ रुचीशी नसून गायक-वादकांच्या चरितार्थाशीही आहे. श्रोत्याची शिफारस आणि श्रवणाची मोजदाद या दोन भिन्न गोष्टी होत. पहिलीची जागा आता दुसरी घेऊ लागली आहे.

संगीत ही बाजाराच्या दृष्टीने काहीशी अडचणीची वस्तू आहे. तांदूळ हातावर घेऊन पारखता येतो, कापडाचा पोत चिमटीत धरून कळतो. गाणे मात्र ऐकल्यावाचून कळत नाही, आणि ऐकून झाले म्हणजे त्याचा उपभोगही घेऊन झालेला असतो. अशा वस्तूच्या बाबतीत ग्राहकाला दुसऱ्याच्या शब्दावर विसंबावे लागते. तो शब्द विश्वासार्ह ठरण्यास दोन अटी आहेत. सांगणाऱ्याचा त्यात काही लाभ नसावा आणि सांगण्यासाठी त्याने निदान थोडी तसदी घेतलेली असावी.

या दोन्ही अटी पाळणारा श्रोतृवर्ग या देशाने पाहिला आहे. १९४९ साली ‘महल’ हा चित्रपट आला तेव्हा त्यातील गाजलेल्या गीताच्या तबकडीवर गायिकेचे नाव नव्हते. पडद्यावरील पात्राचे, ‘कामिनी’ हे नाव होते. हे कोण गाते आहे, अशी विचारणा श्रोत्यांनी नभोवाणीकडे केली आणि लता मंगेशकर हे नाव लोकांसमोर आले. पार्श्वगायकाच्या नावाला पुढे जी प्रतिष्ठा लाभली, तिच्या मुळाशी अशी सामान्य माणसांची पत्रे आहेत.

तीन वर्षांनी याच श्रोत्यांची अधिक मोठी कसोटी लागली. १९५२ मध्ये बा. वि. केसकर केंद्रीय नभोवाणी मंत्री झाले. जनतेने अभिजात संगीत ऐकावे, अशी त्यांची तळमळ होती. ती प्रामाणिकही होती. पण तिच्यापायी आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली. श्रोत्यांनी ना मोर्चा काढला, ना घोषणा दिल्या. त्यांनी रेडिओची सुई सिलोनकडे वळविली. त्याच वर्षी रेडिओ सिलोनवर अमीन सयानी यांची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली आणि पत्रांचा पाऊस पडू लागला. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी सरकारला ‘विविध भारती’ सुरू करावी लागली. जनतेने काय ऐकावे हे वरून ठरविणाऱ्या धोरणाचा असा पराभव क्वचितच झाला असेल.

गीतमालेची क्रमवारी लावण्याची पद्धतही विचार करण्याजोगी होती. केवळ तबकड्यांच्या खपावर ती अवलंबून ठेवली गेली नाही. खपाचे आकडे फुगविता येतात. शिवाय दुकानातील तबकड्या संपल्या म्हणजे लोकप्रिय गाणेही आकड्यांत मागे पडते. म्हणून विक्रीच्या जोडीला ठिकठिकाणच्या श्रोता संघांचे मतही विचारात घेतले जाई. आजच्या झारखंडमधील झुमरी तलैया या अभ्रकाच्या खाणींच्या गावाचे नाव देशभर पोहोचले, ते तेथील रसिकांनी पाठविलेल्या फर्माइशींमुळे. मराठी घरांतही ‘आपली आवड’ लागली की पाटावर जेवण निवत असे. एका गाण्यासाठी वाचली जाणारी ती गावांची आणि माणसांची नावे म्हणजे एक प्रकारची जाहीर साक्षच होती. ऐंशीच्या दशकात पंधरा पैशांना मिळणाऱ्या पोस्टकार्डाची ती साक्ष. पण ती देणाऱ्याने पदरचे पैसे मोडलेले असत.

याचा अर्थ तो काळ सर्वस्वी चांगला होता असा नव्हे. लोकांना निवड करावी लागे ती मूठभर केंद्रांच्या आणि एकदोन ग्रामोफोन कंपन्यांच्या मर्जीतून. ऐंशीच्या दशकात ध्वनिफिती स्वस्त झाल्या तेव्हा ही मक्तेदारी प्रथम ढिली झाली आणि लोकगीते, भजने, प्रादेशिक बोलींतील गाणी बाजारात आली. आज तर गडचिरोलीतील विद्यार्थी जुन्या ध्वनिमुद्रिकांतले दुर्मीळ नाट्यपद हातातल्या मोबाइलवर ऐकू शकतो. ही सुबत्ता नाकारण्यात शहाणपणा नाही. प्रश्न आहे तो या सुबत्तेत कोणते गाणे श्रोत्यापुढे आणले जाते आणि त्याचा मोबदला कोणाला पोहोचतो, हा.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आज बव्हंशी मोजदाद देते. जे अधिक ऐकले गेले ते यंत्र अधिकांपुढे ठेवते, आणि पुढे ठेवल्यामुळे ते आणखी ऐकले जाते. या चक्राची परीक्षा अमेरिकेतील सॅल्गनिक, डॉड्स व वॉट्स या संशोधकांनी घेतली. अनोळखी वाद्यवृंदांची ४८ गाणी त्यांनी १४ हजारांहून अधिक लोकांपुढे ठेवली. काहींना इतरांची निवड किती, तो आकडा दाखविला. काहींना दाखविला नाही. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, आकडा दिसताच लोकप्रिय आणि अप्रिय गाण्यांतील दरी रुंदावली आणि कोणते गाणे डोक्यावर घेतले जाईल याचा भरवसाही उरला नाही. म्हणजे आकडा रुचीचे मापन करता करता रुची घडवूही लागतो.

असा आकडा विकतही घेता येतो. २०१९ मध्ये एका भारतीय गाण्याला २४ तासांत साडेसात कोटी प्रेक्षक लाभल्याचा गाजावाजा झाला. त्यांत जाहिरातींद्वारे मिळविलेल्यांची भर होती. यूट्यूबने तो विक्रम मान्य केला नाही आणि अशा गणतीचे नियम बदलले. २०२० साली स्पॉटिफायने एक योजना आणली. कलावंताने वा कंपनीने कमी मानधन पत्करावे, म्हणजे त्या गाण्याची यंत्राकडून अधिक शिफारस होईल, असे तिचे स्वरूप आहे. अमेरिकेत रेडिओ निवेदकांना गुपचूप पैसे देऊन तबकड्या वाजवून घेण्याच्या प्रकारावर १९५९-६० मध्ये संसदीय चौकशी झाली आणि पैसे घेतल्याचे न सांगता गाणे वाजविणे बेकायदा ठरले. निवेदकाला लागू असलेला हा नियम यंत्राला का असू नये, याचे समाधानकारक उत्तर कोणी दिलेले नाही.

दुसरा प्रश्न मोबदल्याचा. या कंपन्यांची प्रचलित रीत अशी की, ग्राहकांचे पैसे एकत्र करावयाचे आणि त्यातील सुमारे दोन-तृतीयांश भाग हक्कधारकांना एकूण श्रवणसंख्येच्या प्रमाणात वाटावयाचा. ऐकण्यास हे न्याय्य वाटते. पण एक साधे गणित करून पाहावे. एक शिक्षक आणि एक तरुण, दोघेही महिना १०० रुपये भरतात आणि प्रत्येकाचे ७० रुपये वाटपात जातात, असे समजू. शिक्षक महिन्यात ५० वेळा एखादा राग वा अभंग लावतो. तरुण १,३५० वेळा चालू गाणी लावतो. एकूण १,४०० श्रवणांना १४० रुपये, म्हणजे प्रत्येकी १० पैसे. शिक्षकाच्या आवडत्या कलावंतांना मिळतात ५ रुपये. त्याचे उरलेले ६५ रुपये, त्याने कधीही न ऐकलेल्या गायकांकडे जातात. शिक्षकाची निवड मनापासून असेल. हिशेबात तिला वजन नाही.

त्यातही ३० सेकंद वाजले की एक श्रवण धरले जाते. तीन मिनिटांचे गाणे एक, आणि पंचवीस मिनिटांचा विलंबित ख्यालही एकच. ज्या महाराष्ट्राने ग्वाल्हेर, किराणा आणि जयपूर घराण्यांची गायकी जोपासली, तेथील गायकाने आयुष्यभराच्या तपश्चर्येने मांडलेल्या रागाला या वहीत एका जाहिरातवजा तुकड्याइतकेच मोल मिळते. २०२४ पासून तर स्पॉटिफायवर मागील १२ महिन्यांत १,००० पेक्षा कमी वेळा ऐकल्या गेलेल्या गाण्याला ध्वनिमुद्रणाचा मोबदलाच मिळत नाही. ही मर्यादा मोठ्या चित्रपटगीताला जाचणार नाही. ती जाचेल कीर्तनकाराला, शाहिराला, नव्या गझलगायकाला. याउलट लबाडांना मोजदादीची वाट खुली आहे. संगणकाने रचलेली गाणी संगणकाकडूनच वारंवार वाजवून एक कोटी डॉलरहून अधिक रक्कम लाटल्याचा खटला सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत दाखल झाला. त्यातील आरोपांचे स्वरूप असे की, गाणारा माणूस नव्हता आणि ऐकणाराही नव्हता. वाटप मात्र खऱ्या पैशांचे झाले.

हे अटळ आहे असे मानण्याचे कारण नाही. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने चित्रपटासाठी मोबदला देऊन करवून घेतलेल्या गीत-संगीताचे हक्क निर्मात्याकडे गेले. पस्तीस वर्षांनी, २०१२ च्या कायदेदुरुस्तीने गीतकार आणि संगीतकारांना स्वामित्वधनातील समान वाटा मिळाला व तो सहजी लिहून घेता येणार नाही अशी तरतूद झाली. म्हणजे बाजाराचे नियम माणसेच करतात आणि माणसेच बदलतात. प्रत्येक ग्राहकाचा पैसा त्याने ऐकलेल्या कलावंतालाच देण्याची पद्धत साउंडक्लाउड या सेवेने २०२१ मध्ये स्वतंत्र कलावंतांपुरती सुरू केलीही. ती येथे आणण्यास तांत्रिक अडचण नाही. अडचण आहे ती प्रचलित वाटपात ज्यांचा लाभ आहे त्यांची. पैसे वा सवलत घेऊन केलेली शिफारस तशी असल्याचे गाण्याशेजारी छापावे, एवढी सक्ती तर शासन सहज करू शकेल. आकाशवाणीजवळ थोर कलावंतांच्या ध्वनिमुद्रणांचा अमोल साठा आहे. खपाची चिंता नसलेल्या या संस्थेने तो नेटका सूचिबद्ध करून खुला करणे, हे तिचे आद्य कर्तव्य ठरते.

श्रोत्याच्याही हाती काही उरतेच. ‘घरंदाज गायकी’ या १९६१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाचे कर्ते वामनराव देशपांडे व्यवसायाने सनदी हिशेबनीस होते. आयुष्य आकड्यांत काढलेल्या या गृहस्थांनी गाण्याचा हिशेब मात्र कधी संख्येने मांडला नाही. कोणत्या घराण्यात स्वराला प्राधान्य, कोणत्यात लयीला, आणि ते का, हे त्यांनी उलगडून सांगितले. एवढा व्यासंग प्रत्येकाला साधणार नाही. परंतु सहकाऱ्याला वार्षिक गोषवारा पाठविण्याऐवजी एखादे गाणे सुचवून, त्यात काय ऐकावे हे दोन ओळींत सांगणे कोणत्याही शिक्षकाला, कारकुनाला, विद्यार्थ्याला जमण्यासारखे आहे. १९५२ मध्ये मंत्र्यांच्या धोरणाला श्रोत्यांनी उत्तर दिले, ते पोस्टकार्डावर. यंत्राच्या धोरणाला उत्तर द्यावयाचे तर “हल्ली काय ऐकता?” या प्रश्नाचे उत्तर प्रथम ज्याचे त्याने स्वतः दिले पाहिजे.